बाबांच्या दाढीची कड

१२ जानेवारी

काका,

दोन्ही हात जोडून नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, म्हणून पत्र. विषयही असा आहे की समोर बसून सांगितला असता तर तुम्ही आधी हसला असतात.

मी दाढी लावून घ्यायचं म्हणतोय.

चिकटवायची नव्हे. खरी, वाढणारी. इथे एक डॉक्टर आहेत. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस ते एकेक करून मुळासकट उचलतात, गाल बधिर करून त्याला बारीक छिद्रं पाडतात आणि त्यात ते केस लावतात. भाताची लावणी करावी तसं. आठ तास आडवं पडायचं.

माझा डावा गाल तुम्हाला माहीत आहे. उजव्यावर येते, डाव्यावर कानाखालपासून हनुवटीपर्यंत मोकळं मैदान. कॉलेजात मुलं म्हणायची, याची दाढी अर्ध्या रस्त्यात उतरून गेली. तेव्हा मीही हसायचो. आजवर रोज सकाळी दोन्ही गाल तुळतुळीत करून दुकानात गेलो आणि विषय मिटवला.

पण येत्या मे महिन्यात मला एकोणचाळीस पूर्ण होतील. बाबा गेले तेव्हा एकोणचाळीसचेच होते. दुकानात माणसं चष्म्याच्या फ्रेमा लावून आरशात स्वतःला बघत असतात आणि मी त्यांच्या मागे उभा असतो. त्यांच्या खांद्यावरून मला माझं तोंड दिसतं. आईचं नाक, आईचे कान, आईची भुवई. त्यात बाबा कुठे आहेत, काका? जगभराचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एकच फोटो. लग्नाच्या फोटोत तर ते टायमर लावून धावत आले आणि पाठमोरेच राहिले. उरला तो भिंतीवरचा, दाढीचा. तो माणूस एकदा आरशात दिसावा, एवढंच मला हवं आहे. मे महिन्यानंतर मी त्यांच्याहून मोठा होणार. मग कोणासारखं दिसायचं?

ही म्हणते, "डोक्याचे गालावर लावा. उद्या डोक्याला टक्कल पडलं की कुठले आणणार, भुवयांचे?"

तुम्ही सांगाल तसं करीन. हो म्हणालात तर १७ एप्रिलची तारीख घेतो.

तुमचा,
ढब्बू


२० जानेवारी

प्रिय ढब्बू,

भरभरून आशीर्वाद. तुझं पत्र दुपारी आलं. त्या वेळी समोरच्या शाळेत दुसरीचा वर्ग कविता म्हणत होता. निवृत्त होऊन मला चौदा वर्षं झाली, पण ही दुपारची वेळ आणि तो सामुदायिक हेल अजून सुटत नाही. कविता नवी आहे, मला माहीत नसलेली. पण चाळीस मुलं एकदम म्हणू लागली की सगळ्या कवितांची चाल एकच होते. शेवटच्या बाकावरचं एखादं पोर ओळीच्या मागे राहतं आणि धावत येऊन यमक गाठतं. मी खुर्ची खिडकीकडे फिरवून बसतो. पुस्तक मांडीवर उघडं असतं, वाचत कोणीच नसतं.

तर तुझं पत्र मी अशा वेळी वाचलं आणि पत्रातून दादा उठून उभा राहिला.

काय दाढी होती रे! काळीभोर, दाट, तळ्यावर संध्याकाळ उतरावी तशी छातीवर उतरलेली. वारा आला की मधोमध दुभंगायची आणि पुन्हा मिटायची. अंधाऱ्या खोलीत तो फोटो धुवायला उभा राहिला की लाल दिव्याच्या उजेडात ट्रेवर वाकायचा. दाढीचं टोक पाण्यात बुडू नये म्हणून डाव्या हाताने ती धरून ठेवायचा आणि उजव्या हाताने कागद हलवायचा. हळूहळू पाण्यातून कोणाचं तरी तोंड वर यायचं. हे मी तुला शंभर वेळा सांगितलं असेल. पण तुला एकशे एकाव्यांदा ऐकायलाही आवडतं, हेही मला ठाऊक आहे.

हसलो नाही मी. उलट वाटलं, आपलं माणूस आपल्याच गालावर उगवून यावं, यासारखं दुसरं काय आहे? पूर्वी असं काही करता येत नव्हतं. नुसत्या आठवणी काढत बसावं लागे.

घे तारीख. सूनबाईला सांग, भुवया शाबूत राहतील.

काका


३ फेब्रुवारी

काका,

तारीख घेतली, १७ एप्रिल. परवा पुन्हा जाऊन आलो. या वेळी बाबांचा फोटो फ्रेमसकट घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, नमुना असलेला बरा, नाहीतर प्रत्येकाला सिनेमातली दाढी हवी असते.

डॉक्टर हळू बोलणारे आहेत. बोलताना माझ्या डोळ्यांकडे कमी आणि गालाकडे जास्त बघतात. मला त्याचा राग येत नाही, कारण मीही गिऱ्हाईकाशी बोलताना त्याच्या नाकाचाच विचार करत असतो. त्यांनी फोटो बराच वेळ भिंगाखाली धरला. मग म्हणाले, "तुमचे वडील रोज दाढी कोरून घ्यायचे का?"

मी म्हटलं, का?

ते म्हणाले, "गालावरचे केस वर जाताना विरळ होत होत संपतात. ही दाढी डोळ्यांच्या खाली जवळजवळ बोटभर अंतरावर सुरू होते आणि तिची कड पट्टीने आखल्यासारखी आहे. अशीच हवी असेल तर मी लावीन. पण एकदा विचार करा. लावलेले केस तिसऱ्या आठवड्यात गळतात, घाबरायचं नाही. तीनचार महिन्यांनी पुन्हा येतात आणि मग आयुष्यभर राहतात. नको झाली तर रोज करता येईल, पण सरळ रेघेत पाडलेले ठिपके गालावर राहू शकतात."

मी म्हटलं, अशीच हवी. अगदी अशी.

मग त्यांनी पेन्सिलीने माझ्या गालांवर कड आखली. घरी येईपर्यंत पुसली नव्हती. दारात हिने बघितलं आणि म्हणाली, "आत या, नकाशेसाहेब!"

तर काका, एवढंच विचारायचं होतं. बाबांची दाढी कोण कोरायचं? न्हावी, की स्वतःच? वस्तऱ्याने की कात्रीने? पुढे मलाही तसंच करावं लागेल, म्हणून आत्ताच शिकून घेतो.

ढब्बू


९ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

त्या काळी फोटो हाताने दुरुस्त करत. बारीक ब्रश घेऊन पांढरे डाग काळे करायचे. कड सरळ दिसते ती ब्रशामुळे. डॉक्टरांना जुन्या फोटोंची माहिती नसावी.

माझे डोळे दुखताहेत, म्हणून थोडक्यात आवरतो. दाढी तो स्वतःच करायचा बहुतेक. घाई करू नकोस.

काका


१६ फेब्रुवारी

काकांना नमस्कार,

तुमच्या सुनेचं पत्र. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी तुम्हाला कधी लिहिलं नाही, कारण तुमच्यासारखं मला लिहिता येत नाही. मुद्द्याचं तेवढं लिहिते.

तुमचं पत्र चार पानी असतं. त्यात पहिलं पान हवामान, दुसरं शाळेतल्या कविता, मग आम्ही. या वेळी अर्धं पान आलं आणि त्यात कविता नाही. यांना वाटलं तुम्हाला बरं नाही. मला वाटलं, काका काहीतरी लपवताहेत.

काल हे दुकानात गेल्यावर मी फोटो भिंतीवरून काढला. शिलाई मशीनच्या दिव्याखाली ठेवला आणि यांचं भिंग लावून बघितला. काका, मी दिवसभर लोकांच्या बाह्या लहान करते आणि कमरा सैल करते. वाढलेली कड कुठली आणि शिवलेली कुठली, ते मला कळतं. उजव्या कानाच्या पाळीखाली चुणी पडली आहे. केसांना चुणी पडत नाही, कापडाला पडते. माप मोठं झालं की पडते.

मी यांना बोललेले नाही. हे रोज सकाळी आरशासमोर उभे राहून हाताने गाल झाकतात आणि फोटोकडे बघतात. १७ एप्रिलला हे त्या चुणीसकट दाढी गालात पेरून घेणार आहेत.

मला दाढीचं वावडं नाही. दाढी लावा, पिसारा लावा, मला त्यांनाच जेवायला वाढायचं आहे. पण ज्याच्यासारखं व्हायचं तो माणूस तसा होता की नाही, हे तरी त्यांना कळायला हवं ना? ते तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर ते तुमच्यावर रागावतील. तुम्ही सांगितलंत तरी रागावतील, पण तुमच्याकडे येऊन.

माझं नाव घेतलंत तरी चालेल. तब्येतीला जपा. डोळे खरंच दुखत असतील तर नंबर तपासून घ्या, घरचंच दुकान आहे.

तुमची सून


२४ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन छान उतरली होती, म्हणून फाडली.

तुझ्या बाबाला दाढी नव्हती.

फोटोतली दाढी तागाची आहे. ती मी केली. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमासाठी मी एक पद्यनाटक लिहिलं होतं, नावाड्याचं. तेव्हा मला वाटायचं की माझ्यासारखं पद्य कोणी लिहीत नाही. खरंही असेल, कारण तसं कोणी लिहू नयेच. नावाडी व्हायचे होते आमचे व्यायामशिक्षक, तोंडाने आणि अंगाने ऐसपैस माणूस. ताग सोलून, काळ्या शाईत बुडवून, वाळवून, जाळीच्या कापडावर मी आठ दिवस टाके घालत बसलो होतो. सगळं त्यांच्या मापाने. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्यांचा आवाज बसला. दादा फोटो काढायला आला होता. मी त्याला म्हटलं, तू उभा राहा.

"अरे, मला एक ओळ पाठ होत नाही!"

"नावाडी फार बोलत नाही."

"मग ठीक आहे. वल्हं दे आणि फार बघू नकोस माझ्याकडे."

व्यायामशिक्षकांची दाढी दादाच्या लहान तोंडावर डोळ्यांपर्यंत चढली आणि कानाखाली चुणी पडली. ती चुणी तुझ्या बायकोने शोधली. पस्तीस वर्षांत दुसऱ्या कोणी शोधली नाही. कार्यक्रमानंतर दाढी न काढताच, घरी जाता जाता त्याच्या स्टुडिओत शिरलो. मी म्हटलं, आयुष्यभर लोकांचे काढलेस, आज तुझा. आणि बटण दाबलं. एकदाच. आठ महिन्यांनी तो गेला, पाच दिवसांच्या तापात.

दुसरा फोटो नव्हता, म्हणून तोच मोठा करून लावला. इथवर कोणाचीच चूक नाही. पुढची माझी आहे.

तू चार वर्षांचा होतास. फोटोखाली येऊन उभा राहिलास आणि विचारलंस, "हे कोण?" मी म्हटलं, बाबा. तू म्हणालास, "बाबांना दाढी नाही." मी पुन्हा सांगितलं. तू पुन्हा तेच म्हणालास. तिसऱ्यांदा तर पाय आपटून म्हणालास. तुझी आई उठून आतल्या खोलीत गेली. मी तुला उचललं आणि म्हटलं, "होती रे. तू लहान आहेस, विसरलास."

तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. मग मान हलवलीस.

तुला तुझा बाबा आठवत होता, ढब्बू. खराखुरा, मोकळ्या तोंडाचा. माझ्या शब्दाखातर तू तो सोडून दिलास.

मग तू त्या दाढीबद्दल विचारत राहिलास आणि मी सांगत राहिलो. वाऱ्याने दुभंगायची ते खोटं. ट्रेवर वाकताना हाताने धरायची ते खोटं. तो ट्रेवर वाकायचा, एवढं खरं. तुझ्या आईने मला एकदाच विचारलं होतं, "भावोजी, हे किती दिवस?" मी म्हटलं, मोठा होईपर्यंत. तू मोठा झालास. पण ती गोष्ट कधी संपवायची, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. आता ती नाही. तिच्यावर रागावू नकोस. ती फक्त गप्प राहिली, बोललो मी.

जानेवारीत तुला खरं सांगायची संधी होती. मी 'घे तारीख' असं लिहिलं. मी तेव्हा काय करत होतो, ते मला सांगता येत नाही. मलाच तो दाढीवाला दादा पुन्हा बघायचा होता, असं असेल.

काका


१५ मार्च

काका,

तीन आठवडे मी काही लिहिलं नाही. रोज दुकानात जात होतो, काचा घासत होतो, फ्रेमच्या दांड्या वाकवून कानांवर बसवत होतो. ही काही बोलली नाही, आणि तिने न बोलणं सोपं नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

रागावलो आहे. ते लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

ट्रेवर वाकून दाढी धरणारे बाबा मी लग्नाआधी हिला सांगितले होते. ती म्हणते, ते ऐकूनच मी हो म्हटलं. आता ती म्हणते, "म्हणजे मी काकांशी लग्न केलं की काय!" तिचं हसून झालं, माझं अजून व्हायचं आहे.

फोटो उतरवला आहे. भिंतीवर त्याच्या जागी फिकट चौकोन राहिला, त्यावर काही लावलेलं नाही. तारीख रद्द केलेली नाही. कोणासारखी नको, नुसती दाढी म्हणूनही लावून घेता येईल. विचार करतो आहे.

एकच विचारतो. तुम्ही त्यांच्याबरोबर सदतीस वर्षं राहिलात. एका खोलीत झोपलात, एका शाळेत गेलात. मला तर तुम्ही विसरायला लावलंत. मग तुम्ही सांगा. त्या दाढीखाली काय होतं?

ढब्बू


२१ मार्च

प्रिय ढब्बू,

तुझा प्रश्न वाचून मी लगेच कागद घेतला. वाटलं, हे तर सोपं आहे. आणि काही लिहिता येईना.

मला आठवत नाही.

तीन दिवस मी हेच करतोय. दुपारी खिडकीशी बसतो, समोर कवितेचा तास चालू असतो, डोळे मिटतो. दादा येतो. त्याचा हिरवा स्वेटर येतो, कोपरावर उसवलेला. त्याची शीळ येते, जिन्यावरून उतरतानाची. बोटांवरचे औषधांचे पिवळे डाग येतात. आम्ही लहानपणी एका बाकावर बसून कविता म्हणायचो. तो ओठ हलवायचा आणि आवाज माझा असायचा, हेही आठवतं. मग मी म्हणतो, दादा, इकडे बघ. तो वळतो. आणि दर वेळी तीच दाढी. मीच शिवलेली. तुला सांगता सांगता ती माझ्याही डोळ्यांत चिकटून बसली, आणि तिच्या खालचं तोंड गेलं. मी तुझा बाबा घालवला आणि माझा भाऊही.

काल मात्र एक गोष्ट आली. डोळ्यांना नाही, बोटांना.

दाढी चिकटवायला नाटकाचा डिंक होता. तो गालाला लावून, वरून कापड ठेवून बोटांनी दाबायचा. त्या दिवशी उजव्या बाजूला ते कापड बसेना, पुन्हा पुन्हा सुटायचं. सकाळी केलेल्या दाढीचे खुंट संध्याकाळपर्यंत वर आले होते, डिंक धरत नव्हता. दोनदा लावला, तिसऱ्यांदा बसलं. दादा म्हणाला, "अरे, कातडं नेशील!" आणि डाव्या बाजूला पहिल्या दाबातच बसलं. तिथे खुंट नव्हते. कानाखालून हनुवटीपर्यंत गाल गुळगुळीत होता. लहान मुलाचा असतो तसा.

हे वाचून तुला काय वाटेल, ते मला कळतं. म्हणून हे लिहावं की नाही याचा कालपासून विचार केला. यावरून तू काही ठरवू नकोस. मला आठवलं, ते सांगितलं.

काका


२९ मार्च

काका,

खरं सांगा. हे खरं आहे, की पुन्हा कविता?

तुम्हाला माझा डावा गाल माहीत आहे. मी काय ऐकलं तर मला बरं वाटेल, हेही माहीत आहे. ते तुम्हाला माझ्या चौथ्या वर्षापासून माहीत आहे. तुमचं पत्र मी दुकानात उभ्याने वाचलं. समोर एक बाई फ्रेम लावून विचारत होत्या, ही मला शोभते का, आणि मी वर न बघताच हो म्हटलं. मग घरी येऊन पुन्हा वाचलं, तेव्हा वाटलं, किती नेमकं बसतंय. तुमच्या गोष्टी नेहमी नेमक्या बसायच्या.

पुरावा काहीच नाही. आई असती तर तिला विचारलं असतं. फोटोत ताग आहे. व्यायामशिक्षक कधीचे गेले. उरली तुमची बोटं.

म्हणून इथे या. १५ तारखेला या, मी चार दिवस दाढी न करता थांबतो. हात लावून बघा आणि सांगा, तोच गाल आहे का. १७ तारीख तशीच आहे. तुम्ही सांगाल त्यावर तिचं काय ते ठरवीन.

ढब्बू


२ एप्रिल

प्रिय ढब्बू,

येतो. दुपारच्या गाडीने. स्टेशनावर ये, कारण तुमच्या रस्त्यांना वळणं फार आणि मला गाडीतून उतरल्यावर थोडा वेळ दिशा कळत नाहीत.

मला भीती वाटते आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

काका


२० एप्रिल

काका,

सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. हिने दिलेला डबा गाडीतच संपवलात हेही कळलं, त्यामुळे ती खूश आहे.

१६ तारखेच्या सकाळी काय झालं ते मी लिहून पाठवतोय, कारण तुमचे डोळे मिटलेले होते. तुम्हाला अर्धंच माहीत आहे.

दुकान उघडायला तासभर होता. मी गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसलो. तुम्ही मागच्या नळावर हात धुतलेत, रुमालाने एकेक बोट पुसलंत, पेपर तपासायला बसण्याआधी करायचात तसं. मग माझ्यासमोर स्टूल ओढून डोळे मिटलेत आणि दोन्ही हात माझ्या गालांवर ठेवलेत. उजवीकडे चार दिवसांचे खुंट होते, डावीकडे काही नव्हतं. मला इतक्या जवळून तुम्ही कधी दिसला नव्हतात. तुमच्या पापण्या हलत होत्या आणि ओठही, वर्गात हजेरी घेताना हलायचे तसे. बाहेर कोणीतरी शटर वर केलं. तुमचा अंगठा डाव्या कानाखालून निघून हनुवटीपर्यंत आला आणि परत वर गेला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. तुम्ही 'हो' म्हणणार, हे मला दिसत होतं. तुम्ही तोंडही उघडलं होतंत.

ही दारातून म्हणाली, "काका, झोपलात की काय?"

तुम्ही हात काढलेत. म्हणालात, "कळत नाही रे. माझी बोटं म्हातारी झाली. मला नाही सांगता येत."

आणि तुम्ही रडायला लागलात. मी तुम्हाला पाणी आणायला उठलो, ते मुळात मला मागे जाऊन उभं राहायचं होतं म्हणून.

काका, तुम्ही 'हो' म्हणाला असतात तर मी १७ तारखेला डॉक्टरांकडे जाऊन आडवा पडलो असतो. खरं सांगतो. मनात तसं ठरवूनच बसलो होतो. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही पुन्हा एक गोष्ट सांगताहात, असं मी धरलं असतं, आणि त्या गोष्टीपेक्षा डॉक्टरांची दाढी बरी. पण गेल्या पस्तीस वर्षांत मला काही विचारायचं होतं आणि तुम्हाला उत्तर माहीत नव्हतं, असं झालेलं नाही. आकाशात किती तारे, बाबा कुठे गेले, मरताना दुखतं का. सगळं तुम्हाला माहीत असायचं. त्या सकाळी तुम्ही फक्त एक शब्द उच्चारायचा होता आणि मी तुमचा होतो. तो शब्द तुम्ही गिळलात.

त्यानंतर मी तुमचं २१ मार्चचं पत्र पुन्हा काढून वाचलं. या वेळी ते नेमकं वाटलं नाही. दोनदा लावला, तिसऱ्यांदा बसलं. 'अरे, कातडं नेशील.' हे तुम्ही रचलेलं नाही. रचलं असतंत तर त्यात तळं आलं असतं, संध्याकाळ आली असती.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पुढची तारीख देऊ का? मी म्हटलं, नको. ते म्हणाले, "काही हरकत नाही. खरं सांगायचं तर ती सरळ कड लावायला माझा हात गेला नसता."

आज दुकान उघडल्या उघडल्या एक आजोबा आले, जाड काचांचे. नवी फ्रेम कानांवर बसवायला मी वाकलो, तर चष्म्यातून मला अगदी जवळून न्याहाळत म्हणाले, "अहो, दाढी एकाच बाजूला करायची राहिली की काय तुमची?"

आठ दिवसांचे खुंट होते. वस्तरा लावायचा मला आठवणच राहिली नव्हती.

मी म्हटलं, "नाही आजोबा. आमच्याकडे एकाच बाजूला येते. वडिलांचीही अशीच होती."

तुमचा,
ढब्बू